मऊरानीपूर : खारव्याचा रंग आणि पेशव्यांच्या घरातला डाग

झाशीहून माणिकपूरकडे जाणारी गाडी ओरछा, बरुआसागर, निवाडी अशी स्थानके मागे टाकत पूर्वेकडे निघते. दोन्ही बाजूंना बुंदेलखंडाचा खडकाळ माळ. मध्येच एखादा तलाव, पळसाची झाडे, टेकडीवर पडकी गढी. साधारण पासष्ट किलोमीटरवर मऊरानीपूर येते. खजुराहोला निघालेले मराठी प्रवासी याच बाजूने जातात. पण इथे मुद्दाम उतरणारे फारच थोडे. पाटी वाचायची, चहा घ्यायचा आणि पुढे निघायचे, एवढाच बहुतेकांचा या गावाशी संबंध.

मराठी माणसाचा या मुलखाशी असलेला संबंध मात्र चहाच्या कपाएवढा लहान नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात एका भाद्रपदात जे घडले, त्याचे ओझे फिरत फिरत इथवर आले आहे. सत्तेची हाव, रक्ताच्या नात्याचा घात आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या न मिळालेली शांती, अशी ही कहाणी. ती शेक्सपिअरच्या मॅकबेथ पतिपत्नींची वाटावी इतकी तिच्यासारखी आहे. फक्त माणसे आपली आहेत.

दोन गावांचे एक नाव

मऊ आणि रानीपूर ही खरे तर दोन गावे. काही किलोमीटरच्या अंतरावर वसलेली, पण जोडीनेच ओळखली जाणारी. मऊ सुखनई नदीच्या काठी आहे. जवळच सपरार धरण आहे आणि टेकडीवर केदारेश्वराचे देऊळ आहे. भाद्रपदात इथे जलविहाराचा मोठा मेळा भरतो. गावातल्या देवळांतले देव सजवलेल्या विमानांत बसवून वाजतगाजत नदीवर नेतात आणि त्यांना जलविहार घडवतात. आपल्याकडे गणपती बसतात-उठतात त्याच महिन्यातला हा सोहळा.

गावाची जुनी कीर्ती कापडाची. रानीपूरचे माग आणि तिथले टेरिकॉट पुढच्या काळात नावाजले. पण एकोणिसाव्या शतकात मऊचे नाव व्यापाऱ्यांच्या तोंडी होते ते खारव्यामुळे. खारवा म्हणजे लाल रंगाचे जाडेभरडे सुती कापड. आजी-पणजीच्या घरात गादीला, गाठोड्याला किंवा जमाखर्चाच्या वहीला असा तांबडा खारवा अनेकांनी पाहिला असेल. मऊचा खारवा आल नावाच्या झाडाच्या मुळांनी रंगवीत. मुळे खणून, कुटून त्यांचा रंग काढायचा, कापडाला आधी तेल-तुरटीचे हात द्यायचे आणि मग ते पुन्हा पुन्हा रंगात बुडवायचे. वेळखाऊ काम, पण एकदा बसलेला रंग धुवून जात नसे. पुढे कारखान्यातले स्वस्त रंग आले आणि आलची लागवड संपली.

न धुतला जाणारा तांबडा रंग म्हटले की नाटकाच्या रसिकाला एक प्रवेश आठवतोच. राजाच्या खुनाला नवऱ्याला प्रवृत्त करणारी लेडी मॅकबेथ रात्री झोपेत चालते आणि हातावरचे न दिसणारे रक्त धूत राहते. मराठी रंगभूमीला ही बाई फार लवकर ओळखीची झाली. शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने हे नाटक मराठीत आणले, पुढे वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिले. पण मराठी प्रेक्षकाला तिची खरी ओळख पटली ती घरच्याच एका स्त्रीमुळे. ती म्हणजे राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०९ सालचे ‘भाऊबंदकी’ त्याच घराचे नाटक आहे.

बुंदेलखंडाची वाटणी

या घराचे आणि बुंदेलखंडाचे नाते कसे जुळले? मऊरानीपूरहून गाडी तशीच पुढे नेली की हरपालपूर ओलांडून बेलाताल येते. तेच जैतपूर. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने म्हाताऱ्या छत्रसालाला याच भागात कोंडीत पकडले होते. छत्रसालाचा निरोप मिळताच थोरले बाजीराव धावून आले आणि बंगशाला माघार घ्यावी लागली. उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने बाजीरावांना मुलगा मानले आणि आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्या नावे केला. १७३१ मध्ये छत्रसाल वारला आणि झाशी, काल्पी, सागर या बाजूंना मराठ्यांचा अंमल बसत गेला. मस्तानीही याच मुलखातून पुण्यास गेली.

१७४२ च्या सुमारास नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले. नाशिकला गोदाकाठचे नारोशंकराचे देऊळ आणि त्याची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारो शंकर. झाशी आणि नाशिक ही दोन गावे अशी एकाच माणसाने जोडलेली आहेत. पुढच्या कथेतही ती पुन्हा जोडली जातात.

बाजीरावांनी तलवारीच्या आणि शब्दाच्या जोरावर हा मुलूख मिळवला. त्यांचे धाकटे चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, हेही शूर होते. १७५८ मध्ये त्यांच्या फौजा लाहोर ओलांडून अटकेपर्यंत गेल्या. पण मोहिमांतून वसुलीऐवजी कर्ज घेऊन परतणारे, कानाचे हलके आणि मनाचे अस्थिर, अशीही त्यांची ख्याती होती. पानिपतानंतर थोरले भाऊ नानासाहेब वारले आणि पेशवाई सोळा वर्षांच्या पुतण्याकडे, माधवरावांकडे गेली. कर्तृत्व आपले आणि गादी पोराची, ही सल तिथून सुरू झाली. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवरावांनी काकांना हरवले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले.

आनंदीबाई कोकणातल्या ओकांच्या घरातल्या. हुशार, लिहिणे-वाचणे जाणणाऱ्या, राजकारण समजणाऱ्या. नवऱ्याच्या बेड्या त्या रोज डोळ्यांनी पाहत होत्या.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले. मरताना त्यांनी धाकट्या भावाला, नारायणरावाला काकांच्या हवाली केले. पण काका-पुतण्यांचे जमले नाही. काही महिन्यांतच राघोबादादा पुन्हा कैदेत गेले. नारायणराव जेमतेम अठरा वर्षांचे, उतावळे. वाड्यावर पहारा देणाऱ्या गारद्यांचा पगार थकलेला. असंतोषाला वाट हवीच होती.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. भरदुपारी सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरकसिंग हे गारद्यांचे सरदार आपल्या माणसांसह वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकांकडे गेले आणि त्यांना मिठी मारून प्राण वाचवा म्हणून विनवू लागले. राघोबांचा सेवक तुळाजी पवार याने त्यांना ओढून काढले आणि गारद्यांनी तिथेच तुकडे केले. मध्ये पडलेला चापाजी टिळेकर हा इमानी नोकरही मेला. ज्या दरवाजातून देह बाहेर नेला, त्याला पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले. पुण्यात तो आजही दाखवतात. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीची ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती.

लोककथा सांगते की राघोबांनी गारद्यांना लिहून दिले होते, ‘नारायणरावास धरावे’. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. मराठीत हा वाक्प्रचारच होऊन बसला. ज्यांना सनावळ्या ठाऊक नाहीत, त्यांनाही ‘ध चा मा’ ठाऊक असतो.

पण तसा बदल केलेला अस्सल कागद इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. हत्येची चौकशी रामशास्त्री प्रभुणे यांनी केली आणि दोष राघोबांच्या पदरी घातला. या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी प्रत्यक्ष पेशवेपदावर बसलेल्या माणसाला सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. न्यायाधीशाने राघोबांना जबाबदार धरले. लोकांनी मात्र सगळा दोष एका अक्षरात गुंडाळून बायकोच्या हाती दिला.

याचा विचार घराघरांत व्हायला हवा. पुरुषाने कट करावा आणि ‘बाईने बिघडवले’ असे म्हणून सुटावे, ही सोय आपल्याकडे जुनी आहे. आनंदीबाई निर्दोष होत्या असे म्हणण्याइतका पुरावा नाही. नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेत त्या सहभागी होत्या, हे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसतेच. पण महत्त्वाकांक्षी असणे आणि खुनी असणे यांत अंतर आहे. ते अंतर लोककथेने एका फटकाऱ्यात पुसून टाकले.

ओरछ्याची राणी आणि हरदौल

बुंदेलखंडाच्या लोकांना अशी गोष्ट नवी नाही. झाशीजवळच्या ओरछ्यात सतराव्या शतकात राजा जुझारसिंहाला संशयाने ग्रासले. आपली राणी आणि धाकटा भाऊ हरदौल यांच्याविषयी कोणीतरी कान भरले. राजाने राणीला फर्मावले की पतिव्रता असशील तर दिराला आपल्या हाताने विष वाढ. राणी रडत वाढायला आली. हरदौलाने सारे ओळखले आणि वहिनीच्या अब्रूसाठी ते अन्न जाणूनबुजून खाल्ले, असे सांगतात. जुझारसिंहाला पुढे सुख लाभले नाही. शाहजहानशी बिघडले, राज्य गेले आणि १६३५ मध्ये रानावनात पळताना तो मारला गेला.

बुंदेलखंडात हरदौलाचे चबुतरे गावोगाव आहेत. लग्न ठरले की पहिली अक्षत ‘हरदौल लाला’ला. मेलेला हरदौल बहिणीच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून भात घेऊन हजर झाला, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्याला बोलावले की मांडवात काही कमी पडत नाही.

दोन मुलखांनी घरातल्या खुनाचे काय केले ते इथे दिसते. महाराष्ट्राने वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी किंकाळी ऐकू येते म्हणून नारायणरावाचे भूत केले. बुंदेलखंडाने मारलेल्या दिराला घरातला वडीलधारा केले आणि वाढणाऱ्या राणीला दोष दिला नाही. एका ठिकाणी भीती उरली, दुसऱ्या ठिकाणी माया.

हात कोणी धुतले?

नाटकात अपराधाचा हिशेब लवकर चुकता होतो. लेडी मॅकबेथचे मन ढासळते, नवरा रणात पडतो आणि पडदा पडतो. पुण्याच्या नाटकाला असा पडदा मिळाला नाही.

राघोबादादांना पेशवाई मिळाली, पण काही महिनेच. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी तिला पुरंदरवर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. राघोबा पळाले. बाळंतपण जवळ आलेल्या आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवावे लागले. तिथे जानेवारी १७७५ मध्ये दुसरे बाजीराव जन्मले. इकडे राघोबांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी-वसई देऊ केली. वसई म्हणजे त्यांच्या सख्ख्या काकांनी, चिमाजीअप्पांनी जिंकलेली.

सात-आठ वर्षे युद्ध चालले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ते गोदाकाठी कोपरगावला येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये तिथेच वारले. त्यांचा वाडा कोपरगावात आहे.

आनंदीबाई त्यानंतर दहा वर्षे जगल्या, बहुतेक नजरकैदेत. नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीकाठी जी वस्ती त्यांच्या नावाने आनंदवल्ली म्हणून ओळखली जाते, तिथे त्यांचे अखेरचे दिवस गेले. १७९४ मध्ये त्या वारल्या. जवळचा नवश्या गणपती राघोबा-आनंदीबाईंच्या नावाशी जोडलेला आहे. नाशिककर आजही तिथे नवस बोलतात. नवस बोलताना ‘ध चा मा’ आठवणारे थोडेच. कोणतीही परंपरा त्यांना वेड लागल्याचे किंवा त्या रात्री हात धूत हिंडल्याचे सांगत नाही. पहाऱ्यात राहून त्यांनी मुले वाढवली, एवढे खरे.

मन ढासळले ते मुलांच्या पिढीत. सवाई माधवरावांनी बापाचे तोंड पाहिले नव्हते. बाप ज्या वाड्यात तोडला गेला, त्याच वाड्यात ते कारभाऱ्यांच्या धाकात वाढले. ऑक्टोबर १७९५ मध्ये दसऱ्यानंतर, ताप आणि भ्रमाच्या अवस्थेत, ते वाड्याच्या सज्जावरून खाली हजारी कारंज्याजवळ पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय अवघे एकवीस. अपघात की आत्मघात, यावर अजून वाद होतो. आजचे डॉक्टर अशा मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहतील. घरातल्या हिंसेची सावली, प्रेमाचे माणूस नाही, अपेक्षांचा डोंगर आणि मन मोकळे करायला जागा नाही. अशी मुले आजच्या घरांतही असतात, फक्त त्यांचे वाडे लहान असतात.

राघोबांचे चिरंजीव दुसरे बाजीराव कैदेतच मोठे झाले. पेशवे झाल्यावर ते शनिवारवाड्यात रमले नाहीत. बुधवार, शुक्रवार, विश्रामबाग असे वाडे त्यांना आवडत. नारायणरावाचे भूत त्यांच्या पाठीशी लागले होते आणि त्याच्या शांतीसाठी त्यांनी दानधर्म केला, आंब्याची झाडे लावली, असे लोक सांगत. आईबापांनी केले, त्याचे हात मुलगा धूत होता!

आजोबांचे धन, नातवाची सही

दुसऱ्या बाजीरावांचा विश्वास कोणावर बसला नाही. बसला तो इंग्रजी पलटणीवर. १८०२ चा वसईचा तह झाला. पुढच्याच वर्षी त्याला जोडलेल्या कराराने बुंदेलखंडातला मोठा मुलूख कंपनीकडे गेला. जून १८१७ च्या पुणे तहाने नर्मदेच्या उत्तरेकडचे उरलेसुरले हक्कही बाजीरावांनी सोडले. जैतपूरला आजोबांनी मिळवलेला वारसा नातवाच्या एका सहीने गेला. त्याच वर्षी झाशीच्या नेवाळकरांनी कंपनीशी वेगळा करार केला. मऊ-रानीपूरचा परगणा त्याच झाशी संस्थानातला. दुसऱ्या वर्षी पेशवाई संपली आणि बाजीराव आठ लाखांच्या पेन्शनवर कानपूरजवळ बिठूरला गेले.

एका खुनाने राज्य बुडाले असे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. कंपनीची ताकद, पैसा, सरदारांची आपसातली भांडणे ही कारणेही मोठी होती. मात्र इंग्रजांना पुण्याच्या घरात शिरायला दार उघडून दिले ते भाऊबंदकीने, यात शंका नाही.

आणि याच कथेत एक उजळ बाजूही आहे. आनंदीबाईंचे धाकटे चिरंजीव, राघोबांच्या निधनानंतर जन्मलेले चिमाजीअप्पा, काशीला राहत. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. चिमाजीअप्पांनंतर मोरोपंत लेकीला घेऊन बिठूरला बाजीरावांकडे आले. बाजीरावांच्या वाड्यात हुंदडणारी ही मनू म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई. १८४२ मध्ये ती लग्न होऊन या मुलखात आली. १८५३ मध्ये गंगाधरराव वारले, दत्तक नामंजूर झाला, १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. बाजीरावांनी सही करून सोडलेल्या मुलखासाठी, त्यांच्याच आश्रयाने वाढलेली मुलगी लढली आणि १८५८ मध्ये धारातीर्थी पडली. ज्या घराला ‘ध चा मा’चा कलंक, त्याच घराच्या अंगणात हे धैर्यही वाढले. रक्ताने अपराध येतोच असे नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार?

जायचे कसे, पाहायचे काय

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस झाशीला जाते. झाशी स्थानकाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे आहे. तिथून मऊरानीपूरला रेल्वेने किंवा खजुराहोच्या रस्त्याने जाता येते. वाटेत ओरछ्यात रामराजा मंदिर, राजवाडे आणि फूलबागेतले हरदौलाचे स्थान पाहावे. बरुआसागरचा तलाव आणि किल्ला रस्त्यालगतच आहे. उन्हाळा इथला कडक. पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. भाद्रपदात गेल्यास जलविहाराचा मेळा साधतो. परतीच्या प्रवासात नाशिकला उतरणाऱ्यांनी नारोशंकराची घंटा पाहून आनंदवल्लीपर्यंत जाऊन यावे. म्हणजे कथेची दोन्ही टोके एका प्रवासात पाहून होतात.

मऊच्या बाजारात आलचा खारवा आता मिळत नाही. माग आहेत, कापड आहे, रंग मात्र कारखान्यातले. जुना रंग न जाणारा म्हणून त्याला भाव होता. माणसाच्या हातून घडलेल्या गोष्टींचा रंगही तसाच पक्का असतो. घरातल्या वाटणीवरून, गादीवरून, दुकानावरून भावाभावांत शब्द वाढू लागले की तलवार काही कोणी काढत नाही. पण ‘धरावे’ कुठे संपते आणि ‘मारावे’ कुठे सुरू होते, हे तेव्हाच पाहायला हवे. पुढे हात धुण्याचे काम बहुधा मुलांच्या वाट्याला येते.